हौशीनं पान्हा चोरला

"म्हैस गालिच्यावर उभी करायची?" मी आण्णांना विचारलं.

आण्णा म्हणजे माझे सासरे. हौशीच्या शिंगांना तेल चोळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "का? गालिचा काय म्हशीपरास मोठ्या घरचा हाय?"

मी गालिच्याची दुमडलेली कड सरळ करत बसलो. आम्ही कोल्हापूरच्या बायका 'गेलो, आलो, बसलो'च म्हणतो. कुणाच्या कानाला खटकलं तर खटकू दे, मी काय ह्या वयात बदलणार नाही.

समोर आमचा कट्टा लग्नघरासारखा सजवला होता. मधोमध लाल गालिचा, दोन्ही बाजूंना खांबांवर मोठे दिवे, पाहुण्यांसाठी पांढरी कापडं घातलेल्या खुर्च्या. आणि गल्लीतल्या माणसांसाठी, ज्यांच्या आज्या-पणज्यांपासून हा कट्टा आहे त्यांच्यासाठी, पार मागं बांधलेला एक दोर. दोराच्या पलीकडं हिराक्का रिकामी किटली घेऊन उभी होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होता.

"ए मालन! ह्यो दोर कुणी बांधला? आमी काय चोर हाय व्हय?"

हिराक्का आमच्या समोरच्या घरातली. नवरा लवकर गेला, चार पोरं एकटीनं वाढवली, आणि गल्लीत तिला भीत नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय. मला तर ती आईच्या जागी होती, म्हणून चारचौघांत शिव्या द्यायचा हक्कही तिलाच.

"अक्का, आजच्या दिवस थांबा की," मी म्हटलं.

"आजच्या दिवस? उद्या ह्येच कायमचं झालं की मग कुणाला इचारू? तुला निवडून दिलंय ते कशाला, खुर्च्या मोजायला?"

तिचं चुकीचं काहीच नव्हतं. सोमवारी महापालिकेच्या सभेत हात वर करून हेच कायमचं व्हायचं होतं, आणि त्यातला एक हात माझा, ह्या वॉर्डाच्या नगरसेविकेचा होता.

बाहेरच्या माणसाला म्हणून सांगतो. आमच्या आयरे गल्लीच्या तोंडाशी मोकळी जागा आहे आणि तिच्या कडेनं दगडी कट्टा. रोज संध्याकाळी गल्लीतले गवळी आपापल्या म्हशी तिथं आणतात, तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि तुमच्या किटलीत ओततात. कुणाला हवं असेल तर फेसाळलेलं दूध पेल्यातून उभ्याउभ्या. पण दूध हे निमित्त. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या पोराचं ठरलं, कोण कुणाशी बोलेना झालंय, सगळं तिथंच कळायचं. वर्तमानपत्र आम्हाला नेहमी शिळंच वाटायचं.

आणि देवीच्या दर्शनाला येणाऱ्या माणसांनी गाव वर्षागणिक फुगत चालला होता. येऊ देत की, देवी काय एकट्या आमची आहे? पण रविवारी स्वतःच्या दारातून बाहेर पडायला गाडीवाल्याच्या हातापाया पडायला लागायचं. कुणी उंबऱ्यावर बसून पोहे खायचा, कुणी चपला ठेवून जायचा. गल्ली कावली होती. म्हणून महापालिकेनं शहराचा पर्यटन आराखडा करायला घेतला आणि त्यासाठी पुण्याहून देवस्थळी नावाचे साहेब आले. माणूस सज्जन. गल्लोगल्ली पायी हिंडला. एका संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर आला, आण्णांनी त्याच्या हातात पेला ठेवला, आणि साहेबांच्या मिशीला फेस लागला तो लागलाच. तिथंच म्हणाले, "अहो, हा तर जिवंत वारसा आहे!"

बसगाड्या गावाबाहेर थांबवायच्या, पाहुण्यांनी चालत यायचं, हे सगळं त्यांच्या आराखड्यात चांगलंच होतं. पण कट्ट्याचं चित्र त्यांनी गल्लीच्या बैठकीत दाखवलं तेव्हा मी ते दोनदा बघितलं. कट्ट्याला कठडा, पाहुण्यांना बसायला पायऱ्या, दारात तिकीटखिडकी, धार काढायचे रोज दोन खेळ.

हिराक्कानं चष्मा पुसून चित्र नीट बघितलं. "साहेब, ह्यात मी कुठं हाय?"

"काकू, गल्लीतल्या लोकांसाठी मागच्या बोळात वेगळी खिडकी दिलीय. गर्दीचा त्रास नको म्हणून."

"खिडकीतनं दूध? मी काय शिनेमाला आलोय?"

सगळे हसले. पण गवळी नाही हसले, ते खूश होते. आमच्या लोकांचा हाच एक रोग. तुम्ही गवळ्याला नावं ठेवा, त्याच्या घराला ठेवा, तो ऐकून घेईल. पण त्याच्या म्हशीचं कौतुक करा, तो तुम्हाला घरदार लिहून देईल. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं बांधून, मोटारसायकलीमागं म्हशी पळवत गाव हिंडणारी माणसं ही. त्यांना कुणी म्हटलं, रोजच पाडवा करा, लांबलांबची माणसं तुमची म्हैस बघायला येतील, तर ते नको म्हणतील होय? आण्णा तर गल्लीतले सगळ्यांत जुने गवळी. बैठकीतून घरी येईपर्यंत त्यांनी हौशीला कुठली झूल शोभेल ते ठरवलं होतं.

घरात मी एकटीच विरुद्ध होतो.

"हात वर करायचा अन् खाली घ्यायचा, एवढंच काम हाय तुझं," आमचे हे म्हणाले. ह्यांचं नाव धनाजी. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला म्हणून ह्यांनीच माझा अर्ज भरला होता, आणि सहा महिने झाले तरी लोक मला भेटायला यायचे आणि ह्यांच्याशी बोलून जायचे.

"मी बघून ठरवतो," मी म्हटलं.

"काय बघून?"

"देवस्थळी साहेब शनिवारी एक खेळ करून दाखवणार आहेत न्हवं? ते बघून."

"आगं, आण्णा हो म्हणालेत."

"आण्णांना एक मत आहे. मला गल्लीनं दिलेली दोन हजार आहेत."

बोलून गेलो खरं, आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सासऱ्याच्या शब्दाबाहेर मी तोवर कधी गेलो नव्हतो.

तर असा तो शनिवार. दिवस कलला तसे पाहुणे आले. आयुक्त साहेब, त्यांच्या बाईसाहेब, हॉटेलवाल्यांचे अध्यक्ष, परगावची पन्नासेक माणसं, कॅमेरे. कार्यक्रमाचा ठेका खटावकर नावाच्या माणसाकडं होता. त्यानं माईक हातात घेतला, हलगी कडाडली, दिवे लागले आणि गल्लीच्या टोकाकडून ह्यांची मोटारसायकल आली. मागं हौशी पळत. पायात तोडे, पाठीवर जरीची झूल, शिंगं अशी की दोन्ही हातांत मावायची नाहीत. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. टाळ्यांचा कडकडाट झाला. आण्णांनी फेटा सारखा केला आणि सगळ्यांकडं बघून मान लववली. सत्तरीचा माणूस, पण त्या घडीला विशीतला दिसत होता.

"आता आपल्यासमोर, धारोष्ण दूध!" खटावकर ओरडला.

आण्णा बादली घेऊन बसले. कास धुतली. रेडकू लावलं, त्यानं चार ढुशा दिल्या, मग त्याला बाजूला ओढलं. आण्णांनी सडाला हात घातला.

काही नाही.

पुन्हा रेडकू लावलं. पुन्हा हात घातला. हौशी खांबावरच्या दिव्याकडं बघत कान हलवत उभी. आण्णांनी पेंडीचं आंबोण मागवलं, पाटीत तोंड घालायला लावलं, पाठीवरनं हात फिरवला, कानाशी काहीतरी पुटपुटले. हलगी थांबली. खुर्च्यांवरची माणसं पुढं वाकून बघायला लागली, मग मागं टेकली. कुणीतरी हसलं.

दोराच्या मागून हिराक्काचा आवाज आला, "पान्हा चोरला बाई तिनं!"

सगळ्या गल्लीला ते कळलं होतं. म्हशीचं तसंच असतं. तिला नवं माणूस, नवा उजेड, नवा आवाज चालत नाही. मनात आलं तर देईल, नाहीतर तुम्ही राजे असा की महाराजे, थेंब देणार नाही. आणि ही गोष्ट आण्णांना माहीत नव्हती? शेंबडं पोर होते तेव्हापासून माहीत. पण कौतुकाच्या भरात पठ्ठ्या विसरला. बाकीचे गवळीही विसरले. एकेकाची मान आता खाली गेली होती.

खटावकर घाम पुसत आण्णांपाशी आला. मी तिथंच उभी होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"काका, काळजी करू नका. मी सोय करून ठेवलीय." त्यानं खिशातून इंजेक्शनची छोटी बाटली काढली. "सगळीकडं देतात हो. एक टोचलं की धो धो. कुणाला कळणार नाही, झूल आड आहे."

आण्णांनी बाटलीकडं बघितलं. मग खुर्च्यांकडं. आयुक्त साहेब घड्याळ बघत होते.

ह्यांनी वाकून हळूच म्हटलं, "आण्णा, एकडाव द्या. साऱ्या गावापुढं इज्जतीचा सवाल हाय."

आयुष्यभर ज्यानं म्हशीला सुई लावली नाही, ज्याच्या दुधावर गल्लीतल्या बाळंतिणी आणि म्हातारी माणसं डोळे झाकून विश्वास ठेवायची, तो माणूस, आणि पन्नास परक्यांपुढं रिकामी बादली. काय करतील? मला खरंच सांगता येत नव्हतं.

आण्णा उठले. रिकामी बादली उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी उपडी करून गालिच्याबाहेर दगडावर आपटली. एवढा मोठा टण् आवाज झाला की कॅमेरेवालेही दचकले.

"मंडळी," आण्णा माईक न घेताच बोलले, "दूध न्हाई. म्हशीचा गुन्हा न्हाई, माझा हाय. माझी म्हैस रोज चरवी भरून देती, ही गल्ली साक्षीला हाय. पर ती घरात देती, तमाशात न्हाई. आणि हा गडी म्हणतोय त्या सुईचं दूध काढून तुमाला पाजलं, तर मी गवळी कशाचा? तुमी लांबनं आला, तुमाला मोकळं पाठवतोय, माफ करा."

आणि आण्णांनी फेटा काढून हातात घेतला. गल्लीत आण्णांना बोडक्या डोक्यानं कुणी बघितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाजेचं नव्हतं ते. असल्या माणसाची मी सून आहे, ह्या विचारानं माझा ऊर भरून आला होता.

आयुक्त साहेब उठायला लागले, तशी मी पुढं झालो. कुठून बळ आलं देवीलाच ठाऊक.

"साहेब, बसा. घटकाभर बसा. तुम्ही आमचा कट्टा अजून बघितलेलाच नाही."

खटावकर मध्ये आला, "वहिनी, कार्यक्रम..."

"कार्यक्रम संपला भाऊ. तेवढे दिवे बंद करा, आणि ती बाटली खिशात घाला, नाहीतर मी तिथं टोचीन जिथं तुम्हाला बसता येणार नाही."

गल्ली खदखदून हसली. दिवे विझले. मी जाऊन दोर सोडला. "या गं सगळ्या," मी म्हटलं, "रोजच्यासारख्या या."

पहिल्यांदा कुणी हललं नाही. एवढी मोठी माणसं खुर्च्यांवर, कुणाला धीर होईना. मग हिराक्का निघाली. किटली हलवत, गालिच्यावरून, पायातल्या चपलेसकट. हौशीपाशी गेली, झूल ओढून काढली आणि आण्णांना म्हणाली, "त्यो फेटा डोक्यावर ठेवा आदी. सोंगं करत बसलाय सारी. माझा चहा राहिलाय घरात."

मागोमाग सगळी गल्ली आली. सुताराची आजी, बोळातल्या दोघी जावा, कडेवर पोरं, हातात किटल्या. कालचं भांडण होतं तिथून पुढं सुरू झालं. "काल मला फेसच जास्त दिला." "आगं, तुझ्या किटलीलाच पोचा आलाय." कुणी विचारलं पोरगीला बघायला आलेले काय म्हणाले, कुणी म्हणालं मेल्यांनी अजून काय कळवलं न्हाई. दुसऱ्या गवळ्यांनीही म्हशी सोडून आणल्या. शेणाचा पो गालिच्यावर पडला, आणि कुणाला काही वाटलं नाही. पाच मिनिटांत खुर्च्या कुठं आणि कट्टा कुठं, काही कळेना झालं.

हौशीनं मोठा श्वास सोडला. आण्णांनी रेडकू लावलं, बाजूला घेतलं, बादली सरळ केली. पहिली धार बादलीच्या तळाला वाजली.

टाळ्या वाजवायला काही हात वर गेले, तसं हिराक्कानं मागं वळून नुसतं बघितलं. हात खाली आले. नेहमीपेक्षा कमीच दिलं हौशीनं त्या दिवशी, अर्धी बादलीसुद्धा नाही. पण दिलं.

देवस्थळी साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "ताई, माझ्या चित्रात सगळं होतं, ही मंडळीच नव्हती."

"ते आमच्या अक्कांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," मी म्हटलं.

"हो. मी विनोद समजलो."

त्या रात्री जेवताना आण्णांनी भाकरी मोडत एवढंच विचारलं, "सोमवारी काय बोलणार हाईस?"

"अजून जुळवायलोय."

"जुळव. धनाजीला इचारू नगंस. मला बी इचारू नगंस."

सोमवारी सभागृहात मी पहिल्यांदा बोलायला उठलो. समोरून एक जुने सदस्य हसत म्हणाले, "वहिनी, धनाजीरावांनी काय लिहून दिलंय ते वाचा."

"त्यांना लिहायला दिलं असतं तर पुढच्या वर्षी बोललो असतो," मी म्हटलं. सभागृह हसलं, आणि मला धीर आला. मग मी सांगितलं ते सरळ सांगितलं. बसगाड्या गावाबाहेर थांबवा, पाहुण्यांना चालत येऊ द्या, वाटेत पाणी आणि सावली द्या, त्याला गल्लीचा पाठिंबा आहे. पण कट्ट्याला कठडा नको, तिकीट नको, खेळ नको. पाहुण्याला दूध प्यायचं असेल तर त्यानं यावं आणि रांगेत गल्लीच्या मागं उभं राहावं. तो आमच्या घरी येतोय, आम्ही त्याच्या बाजारात जात नाही.

"पण वहिनी, पाहुणा रांगेत? बरं दिसतं का ते?" हॉटेलवाल्यांच्या बाजूचे एकजण म्हणाले. "मागं उभा राहून राहून तो निघून जाईल."

"गेला तर गेला. घर राहील."

देवस्थळी साहेबांनी स्वतः उठून सांगितलं की कट्ट्याचं चित्र ते बदलून आणतील. ठराव झाला. आमच्या बाजूनं हात वर झाले तेव्हा वर प्रेक्षकांच्या बाकावर बसलेल्या आमच्या ह्यांनी उत्साहात स्वतःचाही हात वर केला, आणि शिपायानं त्यांना दटावलं. सगळं खरं, पण पाहुण्याच्या रांगेचं ते बोलणं माझ्या मनातून जाईना. आपण पाहुण्याला मागं उभं करणारी माणसं झालो की काय? आमच्या गावाला हे शोभतं का? आठवडाभर मी हेच घोळवत होतो.

त्याचं उत्तर मला कट्ट्यावरच मिळालं. बसगाड्या बाहेर थांबायला लागल्यावर पहिल्याच गर्दीच्या रविवारी एक म्हातारे आजोबा नातीचा हात धरून चालत आले. यवतमाळकडचे होते. उन्हानं आणि चालण्यानं थकलेले. रांग लांबलचक होती. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, शेवटी जाऊन उभे राहिले.

सगळ्यांत पुढं हिराक्का होती. तिची किटली आता भरणार, तेवढ्यात तिची नजर मागं गेली. ती रांग सोडून तरातरा चालत मागं गेली आणि त्या आजोबांचा दंड धरला.

"चला पुढं."

"नाही जी, राहू द्या," आजोबा गडबडले. "आमाले सांगितलं आहे, इथं गल्लीचा नंबर पह्यला असते म्हून. तुमचा नंबर आहे हा."

"व्हय, माझाच हाय," हिराक्का म्हणाली. "म्हणूनच तर तुमाला देतोय. दुसऱ्याचा असता तर कुठनं दिला असता?"

तिनं त्यांना हौशीसमोर आणून उभं केलं. आण्णांनी पेला काठोकाठ भरून त्यांच्या हातात दिला. आजोबांनी आधी नातीला पाजलं, मग आपण प्यायले. हिराक्का रिकामी किटली घेऊन रांगेच्या शेवटी गेली आणि तिथं उभी राहून पुढच्यांना लवकर उरका म्हणून शिव्या द्यायला लागली. आणि मग रांगेतल्या त्या बोळातल्या दोघी जावांनीही आपल्या मागच्या एका परक्या बाईला, कडेवर तान्हं होतं तिच्या, पुढं ढकललं.

मी कट्ट्यावर बसून बघत होतो. त्यानंतर मी दोनदा निवडून आलो, एकदा पडलो, हार-तुरे पुष्कळ गळ्यात पडले. पण गल्लीची नगरसेविका म्हणून माझी मान जितकी त्या संध्याकाळी ताठ झाली, तितकी पुन्हा कधी झाली नाही.